एमआरआय नॉर्मल आला, मग आजार कुठाय?

प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या बहिणीला, वय २३, सात महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, त्रास त्याआधी महिनोन् महिने हळूहळू वाढत गेला होता. गोळ्या चालू आहेत, कानात येणारे आवाज बरेच कमी झालेत. मेंदूचा एमआरआय काढला, आत ती सारखी हलत होती म्हणून अर्धा परत काढावा लागला, आणि रिपोर्ट आला 'नॉर्मल'. आता मामा म्हणतात मेंदूत काहीच नाही तर गोळ्या कशाला, बाहेरचं काही आहे का ते बघून घेऊ. दुसरीकडे एका सेंटरवाल्याने 'ब्रेन मॅपिंग करा, कुठली गोळी लागू पडेल ते कळतं' म्हणून पॅकेज सांगितलंय. करावं का? आणि मानसिक आजार एमआरआयमध्ये दिसतो की नाही ते एकदाचं सांगा.

मी सायकियाट्रिस्ट आहे, वीसेक वर्षं झाली, त्यातली सहा-सात वर्षं एमआरआयच्या रिसर्चमध्ये गेली, म्हणजे मशीनच्या खोलीबाहेर काचेआड बसून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मामांचं बघू, कारण त्यांचा प्रश्न वाटतो तेवढा अडाणी नाहीये. रिपोर्टवरच्या 'नॉर्मल'चा अर्थ काय, तर रेडिओलॉजिस्टने गाठ, रक्तस्राव, जुना-नवा स्ट्रोक, सूज, इन्फेक्शन, टेपवर्मच्या गाठी असलं काही शोधलं आणि ते सापडलं नाही. बस्स. बहिणीचा मेंदू कसा चालतोय याबद्दल तो कागद काहीही म्हणत नाहीये. तानपुऱ्याचा फोटो काढला तर भोपळा फुटलाय का, तार तुटलीय का ते दिसेल, पण तो सुरात लागलाय की नाही हे फोटोवरून कोण सांगणार? आणि मामांना हेही विचारा की फिट्स येणाऱ्या कितीतरी लोकांचा एमआरआय नॉर्मल येतो, अर्धशिशीवाल्यांचा तर बहुतेकदा, मग त्यांना आजार नाही असं आपण म्हणतो का.

पण मग लगेच दुसरा प्रश्न येतो की 'स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे' हे आम्ही डॉक्टर लोक कशाच्या जोरावर म्हणतो. इथे गंमत अशी आहे की एमआरआयमध्ये फरक दिसतो, नक्की दिसतो, फक्त तो तुमच्या बहिणीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही.

हे जरा उलगडून सांगते. १९२७ साली जर्मनीत कण्यातून मेंदूभोवती हवा भरून एक्स-रे काढायची एक भयंकर पद्धत होती, तेव्हाच काही रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या होत्या. मग १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हॉस्पिटलात राहिलेल्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तीच गोष्ट परत दिसली, आणि तोपर्यंत 'हा सगळा आईच्या वागण्याचा परिणाम' असं म्हणणारे जे होते त्यांची पंचाईत झाली. १९८० च्या दशकात एमआरआय आला आणि मग मोजमापांचा पूरच आला. कुणी म्हणे हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं काम बघणारा भाग, लहान, कुणी म्हणे नाही, कुणी म्हणे डावाच लहान, कारण प्रत्येकाकडे वीस-पंचवीस रुग्ण आणि प्रत्येकाची मोजायची पट्टी वेगळी.

शेवटी एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने सगळ्यांचे स्कॅन एकाच पद्धतीने मोजायला लावले. २०१६ मध्ये त्यांचे आकडे आले: स्किझोफ्रेनियाचे २०२८ रुग्ण, २५४० निरोगी माणसं. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान, पोकळ्या सरासरीने मोठ्या. शंका घ्यायला जागा नाही इतका पक्का निकाल. आता हा फरक केवढा, ते रोजच्या भाषेत सांगते. डोळे मिटून एक रुग्ण उचला, एक निरोगी माणूस उचला आणि पैज लावा की रुग्णाचाच हिप्पोकॅम्पस लहान निघणार. शंभर पैजांपैकी तुम्ही साधारण ६३ जिंकाल. नाणं उडवलं असतं तर ५० जिंकला असता. डिप्रेशनमध्ये हेच केलं, १७२८ रुग्ण आणि ७१९९ निरोगी लोक घेऊन, तिथे शंभरातल्या ५४ वगैरे पैजा जिंकाल. म्हणजे फरक खरा आहे, पण त्यावर एका माणसाचं निदान करायला निघालात तर तो जुगारच. पुरुष बायकांपेक्षा सरासरीने उंच असतात हे खरंच आहे ना, पण 'उंची पाच फूट सहा इंच' एवढंच सांगून पुरुष की बाई ते ओळखा म्हटलं तर काय ओळखणार, आणि उंचीतला फरक तर यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

म्हणून रेडिओलॉजिस्ट 'नॉर्मल' लिहितो ते बरोबर, आणि मी 'मेंदूचा आजार' म्हणते तेही बरोबर. मामांना हे पटेल की नाही माहीत नाही, माझ्या सासऱ्यांना नव्हतं पटलं.

आता ते रंगीत फोटोंबद्दल, लाल-पिवळे ठिपके पेटलेला मेंदू वगैरे. तो साधा एमआरआय नव्हे, फंक्शनल एमआरआय, एफएमआरआय म्हणतात. मशीन तीच, चित्र काढायची पद्धत वेगळी. १९९० मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये सेजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तात ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकात वेगवेगळं वागतं, म्हणजे रक्त स्वतःच काँट्रास्टचं काम करतं, सुई टोचायला नको. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच धावतं, तो फरक मशीन पकडते. पण लक्षात घ्या, मशीन विचार बघत नाही, पेशींचा करंटही बघत नाही, सेरोटोनिन-डोपामिनसारखी मेंदूतली रसायनं तर अजिबात बघत नाही. ती बघते रक्ताची धावपळ, तीही पाच-सहा सेकंद उशिरा, आणि तांदळाच्या दाण्याहून फार लहान नसलेल्या एकेका चौकोनात, ज्यात लाखाच्या हिशेबात पेशी असतात. सिग्नलमधला बदल म्हणाल तर एखाद-दोन टक्के. सगळी कसरत त्या एखाद-दोन टक्क्यांसाठी.

त्या खोलीत प्रत्यक्षात काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं मशीन तीन टेस्लाचं होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या साधारण साठ हजार पट, आणि ते चोवीस तास चालू असतं, लोकांना वाटतं आवाज बंद झाला म्हणजे चुंबक बंद झालं, तसं नसतं. मुंबईत २०१८ मध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन खोलीत शिरलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला होता, तो याच गैरसमजातून. त्यामुळे दारात आमचा अर्धा तास झडती घेण्यात जायचा. मंगळसूत्र, जोडवी, कमरेची साखळी, दंडातला ताईत, केसातल्या काट्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पदराची सेफ्टी पिन, जी बाई शपथेवर सांगते की नाहीये आणि ती असतेच. जोडवी तर साबण लावूनही निघायची नाहीत. मंगळसूत्र काढायला सांगितलं की सासूचा चेहरा पडायचा, मग मी काळा दोरा देऊन तात्पुरता गळ्यात बांधायला लावायचे आणि काम पुढे सरकायचं.

मग पेशंट आडवा, डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, कानात बोळे, दोन्ही बाजूंनी फोमच्या उशा, हातात घाबरलं तर दाबायचा फुगा. आणि सूचना एकच: हलायचं नाही. आठ मिनिटं प्लस चिन्हाकडे बघत पडून राहायचं. ज्या माणसाला वाटतंय की शेजारी भिंतीतून आपल्यावर नजर ठेवून आहेत त्याला आपण सांगतोय की या धडधडणाऱ्या बोगद्यात आत जा आणि डोकं हलवू नकोस. तरीही लोक यायचे, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. साताऱ्याकडची एक बाई होती, तिला शिव्या ऐकू यायच्या. बाहेर आल्यावर म्हणाली, डॉक्टर, मशीन सारखी माझं नाव घेत होती, पण शिव्या नव्हती देत, बरं वाटलं जरा. हे मी कुठल्या कॉलमात भरणार होते?

आता माझी फजिती. आम्ही २४ रुग्ण आणि २४ निरोगी लोक घेतले होते, वय-लिंग जुळवून, आणि बघत होतो की नुसतं पडून असताना मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी किती ताल धरून चालतात. रुग्णांमध्ये कपाळामागचा भाग आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातला ताल कमी निघाला, झकास निघाला, पुस्तकात जसं लिहिलंय तसाच. परिषदेसाठी पोस्टर छापून आलं, मी प्रवासाचं तिकीट काढलं. आणि आमच्याकडे नुकताच आलेला एक इंजिनिअर मुलगा, मेडिकलचा गंधही नसलेला, म्हणाला मॅडम, यांची डोकी किती हलली ते कोणी बघितलंय का? बघितलं होतं, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त हललेले काढून टाकले होते. त्याने एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतची हालचाल काढली, मिलीमीटरच्या दशांशात, आणि दोन गटांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. निरोगी लोकांची रेष संथ. रुग्णांची रेष म्हणजे पावसाळ्यातला समुद्र. हललेली चित्रं गाळली, हिशेब परत केला, आणि माझा सुंदर निष्कर्ष गायब.

ही फक्त माझी गोष्ट नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या गटाने आणि त्याच सुमारास आणखी दोन गटांनी हेच जाहीर दाखवलं: अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी हाललं तरी जवळच्या भागांतला ताल खोटाच वाढतो आणि लांबच्या भागांतला खोटाच कमी होतो. सेंट लुईसवाल्यांचं कौतुक अशासाठी की लहान मुलांच्या मेंदूत जवळचे धागे जास्त आणि मोठेपणी लांबचे जास्त हा सिद्धांत त्यांच्याच लॅबमधून पुढे आला होता, आणि त्यातला बराच भाग मुलं जास्त वळवळतात म्हणून आला असावा हे त्यांनीच सांगितलं. ऑटिझमबद्दलही असंच 'लांबचे धागे कमकुवत' छापून यायचं, तिथेही मग सगळं परत तपासावं लागलं.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. माझे रुग्ण का हलत होते? निम्म्याहून जास्त जणांना अकॅथिझिया होता. मानसिक आजाराच्या गोळ्यांचा हा एक साइड इफेक्ट, आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही, पाय स्वस्थ राहत नाहीत. म्हणजे मी दीड वर्ष जे मोजलं तो स्किझोफ्रेनिया नव्हताच, गोळीने आलेली चुळबूळ होती, आणि ती कळायला कोट्यवधीचं मशीन लागत नव्हतं, ओपीडीत त्यांच्या चपलांकडे बघितलं असतं तरी पुरलं असतं.

तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यासारखी मी ताकही फुंकून पिते. बाकीच्या फजित्या पटकन सांगते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही जणांनी मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि नेहमीची ढिली आकडेमोड लावल्यावर माशाच्या मेंदूत ठिपका पेटला. २०१२ ला त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आपल्याकडे कोणी बांगडा ठेवला असता तर तोही विचार करताना सापडला असता, कारण हजारो चौकोन तपासले की योगायोगाने काही पेटणारच. २०१६ मध्ये स्वीडनच्या आन्डेर्स एकलुंड यांनी दाखवलं की जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर काही सेटिंगला शंभरात पाचऐवजी सत्तरपर्यंत खोटे निकाल देऊ शकतात. २०२० मध्ये एकच डेटा ७० टीम्सना दिला, नऊ साधे प्रश्न विचारले, आणि बऱ्याच प्रश्नांवर एकमत होईना. २०२२ मध्ये सुमारे पन्नास हजार लोकांचे स्कॅन एकत्र करून दाखवलं की मेंदूची रचना आणि माणसाचं वागणं यांचं नातं इतकं बारीक असतं की ते भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात, आणि आमच्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण अभ्यासात असायचे पंचवीस. माझे ४८ होते, मला वाटायचं मी श्रीमंत आहे.

अजून एक बारीक गोष्ट, आपल्याकडच्यांसाठी. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या आकाराचा, म्हणून तुलना करायला सगळे एका ठरावीक साच्यात बसवावे लागतात, आणि तो साचा कॅनडातल्या माँट्रियलचा, तिथल्या तरुण लोकांवरून केलेला. आपले मेंदू त्यात ओढूनताणून बसतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून साचा केला, चांगलं काम आहे ते.

एवढं ऐकून वाटेल की बाई या सगळ्यावर पाणी सोडून बसलीय. तसं नाहीये. उपचारांच्या बाबतीत एमआरआयने आम्हाला काही गोष्टी अशा दाखवल्या ज्या एरवी कळल्याच नसत्या, त्यातली पहिली तर आम्हालाच अडचणीची.

अमेरिकेत आयोवामध्ये नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २११ रुग्णांचे वर्षानुवर्षं परत परत एमआरआय काढले आणि २०११ मध्ये सांगितलं की ज्यांनी अँटिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियावरच्या, गोळ्या जास्त घेतल्या त्यांच्या मेंदूचा करडा भाग थोडा जास्त कमी झाला. त्याआधी २००५ मध्ये निरोगी माकडांना दीड-दोन वर्षं याच गोळ्या दिल्या तर मेंदूचं वजन आठ ते अकरा टक्क्यांनी कमी भरलं होतं. हे मी लपवत नाही, पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलं तर सांगते, कारण नेटवर ते अर्धवट वाचतातच. पण मग पुढचं पण ऐका. वरच्या १९२७ च्या रुग्णांनी एकही अशी गोळी घेतलेली नव्हती, पहिली गोळीच १९५२ ला आली. आजही गोळी सुरू व्हायच्या आधी काढलेल्या स्कॅनमध्ये सरासरी फरक असतो. आकार कमी झाला म्हणजे पेशी मेल्या असं नाही, पाणी कमी प्यायलं तरी मोजमापात मेंदू जरासा आकसतो, मग वजन, सिगरेट, डायबिटीस हे सगळं त्यात मिसळलेलं. आणि फिनलंडमध्ये हजारो रुग्णांच्या सरकारी नोंदी बघितल्या तर गोळ्या अजिबात न घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त. माझा यातून निघालेला धडा एवढाच की डोस जेवढ्यात काम होतं तेवढाच ठेवायचा, उगाच वाढवत न्यायचा नाही. गोळी बंद करायची हा धडा यातून निघत नाही, आणि बंद करून परत आजार उलटलेली माणसं मी दर महिन्याला बघते.

लिथियमचं उलटं. ते घेणाऱ्या बायपोलरच्या रुग्णांमध्ये मेंदूची साल सरासरीने जाड दिसते, करडा भाग वाढलेला दिसतो, पण लिथियममुळे एमआरआयचा सिग्नलच किंचित बदलतो का ही शंका पुरती मिटलेली नाही. शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, याबद्दल लोकांच्या मनात की मेंदू जळतो, तर एमआरआयमध्ये उलट हिप्पोकॅम्पस थोडा फुगलेला दिसतो. मला हे ऐकून आनंद झाला होता, नातेवाइकांना सांगायला बरं. पण ज्याचा जास्त फुगला त्याला जास्त बरं वाटलं असं काही निघालं नाही. म्हणजे फुगणं हा बरं होण्याचा मार्ग आहे की नुसती सोबत चालणारी गोष्ट, कोण जाणे.

माझ्या मते खरी कामाची जागा आहे टीएमएस. डोक्यावर कॉइल धरून चुंबकाचे ठोके देतात, डिप्रेशनसाठी, आपल्याकडेही बऱ्याच शहरांत होतं. ठोके द्यायचे कपाळाच्या डाव्या बाजूला, पण नेमके कुठे? जुनी पद्धत अशी की आधी ठोका देत देत अशी जागा शोधायची की उजव्या हाताचा अंगठा उडतो, मग तिथून टेपने पाच सेंटीमीटर पुढे जायचं, तिथे पेनने खूण. शिंप्याची टेप वापरलीय मी. आता डोकी लहान-मोठी असतात, त्यामुळे काही जणांत ही खूण भलत्याच जागी पडते. इथे एफएमआरआयवाले कामाला आले. हेलन मेबर्ग या न्यूरॉलॉजिस्टने आधीच दाखवलं होतं की खोल डिप्रेशनमध्ये मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला एक भाग, एरिया २५, फार जोरात चालतो, आणि २००५ मध्ये सहा जणांच्या मेंदूत तिथे तारा घालून त्यातल्या चौघांना बरंही केलं होतं, पुढे ९० जणांच्या मोठ्या चाचणीत मात्र सहा महिन्यांत खऱ्या-खोट्या करंटमध्ये फरक दिसला नाही. मग २०१२ मध्ये लक्षात आलं की डाव्या कपाळामागची जी जागा या एरिया २५ च्या बरोबर उलट्या तालात चालते तिथे ठोके दिले तर गुण जास्त येतो. एक वर तर दुसरा खाली, सी-सॉसारखं. स्टॅनफर्डवाल्यांनी प्रत्येक पेशंटचा एफएमआरआय काढून ही जागा शोधली आणि पाच दिवस, रोज दहा सेशन्स, प्रत्येक दहा मिनिटांचं, असा धडाका लावला. २०२२ मध्ये २९ जणांची चाचणी छापली, खऱ्या ठोक्यांनी चार आठवड्यांनंतर डिप्रेशनचा स्कोर निम्म्याहून खाली, खोट्या ठोक्यांनी जेमतेम अकरा टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता.

मी खूश झाले, पण एक शंका होती. गुण आला तो फोटो बघून नेम धरल्यामुळे, की पाच दिवसांत पन्नास सेशन्स ठोकल्यामुळे? नेमापुरतं उत्तर इंग्लंडमधून आलं, २०२४ मध्ये. तिथे २५५ जणांना दोन प्रकारे टीएमएस दिलं, एका गटाला एफएमआरआयवरून काढलेल्या जागी, दुसऱ्या गटाला साध्या एमआरआयवरून धरलेल्या नेहमीच्या जागी. ठोक्यांची पद्धतही जरा वेगळी होती. दोन्ही गट सुधारले, ती सुधारणा सहा महिने टिकली, आणि दोघांत फरक नाही. म्हणजे साधा फोटो आणि नीट नेम एवढं बहुतेक पुरतं. मी अजूनही टेप ठेवलीय, पण एमआरआय असेल तर तो बघूनच जागा धरते.

आता तुमच्या पॅकेजकडे येते. पहिली गोष्ट, आपल्याकडे 'ब्रेन मॅपिंग' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा एमआरआय नसतंच, ते ईईजी असतं, टोपी घालून करंट मोजायचा आणि कॉम्प्युटरने डोक्याची रंगीबेरंगी चित्रं छापायची. याच कुळातली एक टेस्ट २००८ मध्ये पुण्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून गेली होती, जगभर चर्चा झाली, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग हे करताच येणार नाही. निळा-लाल रंग बघितला की शिकलेसवरलेलेही हात जोडतात, हा अनुभव.

दुसरी गोष्ट, स्कॅनवरून कुठली गोळी लागू पडेल हे सांगण्याचा प्रयत्न खऱ्या शास्त्रज्ञांनीही केलाय. २०१७ मध्ये डिप्रेशनचे एफएमआरआयवरून चार उपप्रकार आहेत असं मोठ्या थाटात छापून आलं, २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या टीमने तीच पद्धत आपल्या रुग्णांवर लावली तर ते प्रकार टिकले नाहीत. २०२४ मध्ये स्टॅनफर्डने ८०१ लोकांवरून सहा प्रकार सांगितलेत, काम जास्त काळजीपूर्वक केलंय, मला आशा आहे, पण तेही दुसऱ्यांच्या हातून निघायला हवं. एकाच माणसाला भीतीचे चेहरे दाखवून दोन वेळा एफएमआरआय काढला तर दोन्ही निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत अशी अवस्था आहे, २०२० मध्ये यावर सगळा हिशेब मांडला गेलाय. ज्या वजनकाट्यावर सकाळी साठ आणि संध्याकाळी बहात्तर भरतं त्यावर डाएट ठरवणार का? आणि हे सगळं डिप्रेशनचं, स्किझोफ्रेनियात तर अजून एवढंही नाही. तर नाही, ते पॅकेज घेऊ नका. त्या पैशात तिच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, आणि तुमच्या आईला चार दिवस विश्रांती, यातलं काहीही करा.

मग साधा एमआरआय काढला तो फुकट गेला का, तर नाही. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००८ मध्येच सांगितलंय की पहिल्यांदा सायकोसिस (आवाज, भ्रम, वास्तवाशी नातं सुटणं) झालेल्या प्रत्येकाचा स्कॅन सरसकट काढू नका, पण आपल्याकडे मी एकदा तरी काढून घेण्याच्या बाजूची आहे, टेपवर्मच्या गाठी, जुना टीबी यांचं प्रमाण बघता. आणि काही वेळा तर काढलाच पाहिजे: चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा आजार, सोबत फिट, ताप, चाल बदलणं, डोक्याला मार, किंवा काही दिवसांत माणूस एकदम बदलणं. एक निवृत्त मास्तर आले होते, सगळे म्हणत होते डिप्रेशन. ते उदास नव्हते, थांबले होते. पेपर हातात पण पान उलटत नाही. बायकोने हळूच सांगितलं की परवा देवघराच्या कोपऱ्यात लघवी केली आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. तिथेच मी पेन खाली ठेवलं. कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली, साधी, ऑपरेशन झालं, आता पेपर वाचतात आणि माझ्या मराठीतल्या चुका काढतात.

याच्या उलट, तरुण मुलगी, आठवडाभरात सायकोसिस, बोलणं बंद पडत चाललंय, तोंडाच्या विचित्र हालचाली, फिट, तर तो २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांनी ओळखलेला एनएमडीए रिसेप्टरवाला एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची एक प्रकारची सूज, असू शकतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळा एमआरआय नॉर्मलच येतो, पाठीतलं पाणी तपासावं लागतं. तुमच्या बहिणीचं तुम्ही जे लिहिलंय, महिनोन् महिने हळूहळू वाढत गेलेलं, ते तसं वाटत नाही.

रिपोर्टची सीडी जपून ठेवा, फिल्म नुसती गादीखाली घालू नका, पुढे कधी गरज पडली तर जुन्याशी ताडून बघता येतं. कुठल्या सरकारी संस्थेत रिसर्चसाठी स्कॅन देता का विचारलं आणि तिची तयारी असली तर जरूर द्या, तिला त्याचा थेट उपयोग नाही हे सांगून द्या.

आणि एक, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. ती मशीनमध्ये सारखी हलत होती. घाबरून असेल, असू शकतं. पण घरी ती जेवताना मध्येच उठते का, उभी असताना एका पायावरून दुसऱ्या पायावर करते का, टीव्हीसमोर बसली तरी पाय चालू असतात का, रात्री येरझाऱ्या घालते का, हे दोन दिवस बघा आणि तिलाही विचारा की आतून तगमग होते का. होत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि हेच शब्द सांगा. डोस कमी करून, गोळी बदलून किंवा साधी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडून हे बऱ्याचदा आटोक्यात येतं, त्यांचं ते ठरवतील, दम्याचा त्रास असेल तर तेवढं आधी सांगा. मनाने गोळी बंद करू नका. अकॅथिझियाला कंटाळून परस्पर गोळ्या टाकून देणारे पेशंट मी खूप बघितलेत, आणि घरचे म्हणतात ती ऐकत नाही.